‘टेकवता येतोय ना, मग मोडला नसेल!’

गेल्या सोमवारी सकाळी दवाखान्याचे शटर वर करतो न करतो तोच एक गृहस्थ मुलाच्या खांद्यावर भार टाकून आत आले. पाय सुजून टम्म झालेला, घोट्यापासून बोटांपर्यंत हळद-चुन्याचा वाळून तडकलेला लेप. शनिवारी संध्याकाळी गॅसचे भरलेले सिलिंडर घरात घेताना हातातून निसटले आणि पायावर पडले होते. ‘‘मग दोन दिवस काय केलंत?’’ असे विचारले. उत्तर मला पाठ होते. ‘‘डॉक्टर, पाय टेकवता येत होता हो. बोटंही हलत होती. म्हटलं, मोडला असता तर टेकवता आला असता का?’’

एक्स-रे काढला. चवड्याची दोन हाडे मोडलेली होती.

वाचकहो, हे वाक्य मी माझ्या व्यवसायाच्या अठ्ठावीस वर्षांत किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. शेतकऱ्याकडून ऐकले, शाळेतल्या मास्तरांकडून ऐकले, एकदा तर दुसऱ्या एका डॉक्टरच्या वडिलांकडून ऐकले. हात मोडला की माणूस लगेच दवाखाना गाठतो. पाय मोडला की मात्र आधी लेप, मग शेक, मग चोळणे, मग हाडवैद्य आणि सर्वांत शेवटी एक्स-रे. आपल्या भागात पायाच्या तळव्या-चवड्याच्या हाडांइतकी दुर्लक्षित हाडे दुसरी कोणतीही नसतील, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आणि या दुर्लक्षात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे. तेही आज सांगणार आहे.

आधी ‘टेकवता येतो’ याचा समाचार घेऊ. एका पावलात छोटी-मोठी मिळून २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२. सबंध शरीरात हाडे २०६. म्हणजे अंगातली चौथा हिस्सा हाडे एकट्या पावलांत आहेत. टाचेचे एक मोठे हाड, त्यावर घोट्याचे हाड, मध्ये दगडी बांधकामातल्या चिऱ्यांसारखी एकात एक बसलेली पाच लहान हाडे, पुढे चवड्याची पाच लांब हाडे आणि मग बोटांची पेरे. या सर्वांची मिळून एक कमान तयार होते आणि तिच्यावर आपण उभे राहतो. आता यातले एखादे हाड मोडले तरी बाकीची पंचवीस उभी असतात. ती भार वाटून घेतात आणि माणूस टाचेवर किंवा कडेवर भार देत लंगडत का होईना चालतो. बोटे हलण्याचे तर काही विचारूच नका. बोटे हलवणारे मोठे स्नायू नडगीच्या बाजूला आणि पोटरीत असतात, तेथून दोऱ्या ओढल्यासारखी बोटे हलतात. चवड्याचे हाड मोडले म्हणून त्या दोऱ्या तुटत नाहीत.

मग प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे काढायचा का? मुळीच नाही. तसे केले तर लोकांचे पैसे जातील आणि एक्स-रेवाल्याचे भले होईल, बाकी काही नाही. १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी यासाठी एक साधा नियम बसवला. तो आता जगभर वापरतात आणि तो घरी बसूनही समजण्यासारखा आहे. दुखापत झाल्या झाल्या आणि नंतर डॉक्टरांसमोरही, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. चार पावले टाकता आली, पण ठरावीक जागी हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तरीही काढावा. त्या जागा चार. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या उंचवट्यांची टोके व मागच्या कडा, या दोन. पावलाच्या बाहेरच्या कडेला, टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर लागणारा हाडाचा उंचवटा, ही तिसरी. आणि पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडे पुढे, कमानीच्या माथ्यावरचे हाड, ही चौथी. म्हणजे ‘टेकवता येतो’ हा आपला अडाणी नियम अर्धा खरा आहे, पण उरलेला अर्धा फार महत्त्वाचा आहे. शिवाय हा नियम मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुले, दारू प्यायलेला माणूस आणि मधुमेहामुळे पाय बधिर झालेला रुग्ण यांच्यावर तो लावून चालत नाही, कारण त्यांचे ‘दुखत नाही’ हे खरे धरता येत नाही.

करंगळीच्या बाजूच्या त्या उंचवट्याची एक हकिगत आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात रॉबर्ट जोन्स नावाचे हाडांचे नामांकित सर्जन होते. नाचता नाचता त्यांचे पाऊल वाकडे पडले आणि काही तरी तुटल्यासारखे वाटले. त्यांनाही आधी वाटले की स्नायूची दोरी तुटली असेल. एक्स-रे काढल्यावर कळले की हाडच मोडले आहे. त्यांनी १९०२ साली आपल्या स्वतःच्या पायासह अशा रुग्णांवर निबंध लिहिला आणि ते फ्रॅक्चर आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. हाडांच्या सर्जनला स्वतःचा पाय मोडल्याचे एक्स-रेशिवाय कळले नाही, तेथे आपण नुसत्या बघण्यावरून काय सांगणार!

या हाडाची आणखी एक गंमत म्हणजे, तेच हाड अगदी टोकाला मोडले तर चारसहा आठवड्यांत क्रेप बँडेज आणि कडक तळाच्या बुटावर आपोआप जुळते. टोकापासून थोडेसेच पुढे मोडले, म्हणजे जोन्स यांच्या जागेवर, तर तिथला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे जुळायला अतिशय त्रास देते. कधी कधी स्क्रू घालावा लागतो. फरक बोटभर अंतराचा. म्हणून ‘त्याला नाही का क्रेप बँडेजवर बरं वाटलं, मग मला प्लॅस्टर कशाला?’ हा वाद दवाखान्यात घालू नये.

आता माझी चूक सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एक तिशीतला दूधवाला माझ्याकडे आला होता. पहाटेच्या अंधारात, कॅन लावलेली मोटारसायकल ओल्या रस्त्यावर घसरली आणि त्याचे पाऊल गाडीखाली पिळवटले गेले. मी एक्स-रे काढायला लावला. झोपवून काढलेला. फोटोत मोडलेले काही दिसेना. ‘‘मुका मार आहे,’’ असे सांगून मी क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. जाताना त्याने पाय उलटा करून मला तळवा दाखवला होता. तळव्याच्या मधोमध निळा-काळा डाग पडला होता. मी तो पाहिला आणि सोडून दिला.

पाच आठवड्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या पायाची कमान बसलेली होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्याला दोन्ही पायांवर उभे करून एक्स-रे काढला. झोपवून जे दिसले नव्हते ते उभे केल्यावर लख्ख दिसले. अंगठ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या लांब हाडांच्या मुळाशी फट पडली होती. चवड्याची लांब हाडे मधल्या लहान हाडांना जिथे बांधलेली असतात तो सांधा सुटला होता. या सांध्याला नेपोलियनच्या काळातल्या लिसफ्रँक या फ्रेंच सर्जनचे नाव आहे. इथली दुखापत पहिल्या एक्स-रेत हुकते, हे पुस्तकात छापलेले आहे. तळव्यावरचा काळानिळा डाग ही तिची खूण आहे, हेही छापलेले आहे. मी वाचलेलेही होते.

पुढे शस्त्रक्रिया झाली, सांधा पक्का करावा लागला. तो माणूस आज चालतो, पण लंगडतो, आणि थंडीत त्याचा पाय ठणकतो. दुधाचा रतीब आता त्याचा धाकटा भाऊ घालतो. मला त्याने कधी दोष दिला नाही. पण तेव्हापासून पावलाला मार लागलेला कोणीही आला की मी आधी तळवा उलटा करून पाहतो. वाचकांनीही पाहावा. पाऊल पिळवटले गेले असेल, मधल्या भागावर सूज असेल, चवड्यावर उभे राहताच कळ येत असेल आणि तळव्यावर डाग असेल, तर ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर समाधान मानू नका. शक्य झाल्यास उभे राहून एक्स-रे काढून घ्या, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि दाखवेपर्यंत त्या पायावर भार देऊ नका. मोबाईलवर फोटो काढून नातेवाइकांना पाठवलेला एक्स-रे पाहून मत द्यायला मला सांगू नका. त्या फोटोत बल्बचा उजेडच जास्त दिसतो.

हाडवैद्यांविषयी लिहिले की पत्रे येतात, तरी लिहितो. लोक त्यांच्याकडे जातात ते मूर्ख आहेत म्हणून नव्हे. हाडवैद्य जवळ असतो, थोडक्या पैशात काम करतो आणि रुग्णाशी दोन शब्द बोलतो. आम्ही तेवढेही बोलत नाही, हा दोष आमचा. पण मोडलेल्या पायाला पहिल्याच दिवशी तेल लावून चोळणे म्हणजे मोडलेल्या टोकांनी आतल्या आत मांस आणि रक्तवाहिन्या घासणे होय. आणि बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या की आत सूज वाढत जाते, तिला बाहेर यायला जागा मिळत नाही, बोटांचा रक्तपुरवठा तुटतो. काळी पडलेली बोटे मी पाहिली आहेत. त्यावर मग इलाज एकच उरतो, आणि तो येथे लिहायला नको. हाडजोडीच्या वेलाचे म्हणाल तर माझे त्याच्याशी भांडण नाही. पण सरकलेले हाड जागेवर बसवण्याचे काम कोणतीही वनस्पती करीत नाही. ते हाताने किंवा शस्त्रक्रियेनेच करावे लागते. आमच्या डॉक्टरी प्लॅस्टरनेही असाच आवळा बसू शकतो. म्हणून पट्टी कोणाचीही असो, बोटे निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही दुखणे वाढतच चालले, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उठून डॉक्टर गाठा. सकाळची वाट पाहू नका.

पहिल्या दोन-तीन दिवसांत घरी काय करावे, तर पाय उशीवर उंच, छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. गरम पाण्याचा शेक या दिवसांत देऊ नये, त्याने सूज वाढते. जखम असेल, हाड दिसत असेल, तर त्यावर हळद, माती, तंबाखू, चहापूड यांतले काहीही न घालता स्वच्छ फडके बांधून थेट मोठ्या दवाखान्यात जावे. ट्रॅक्टर किंवा नांगराच्या फाळाने झालेल्या अशा जखमेत मातीचे जंतू हाडापर्यंत पोहोचतात. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि योग्य ती औषधे काही तासांतच सुरू व्हायला हवीत.

झाडावरून, शिडीवरून किंवा गच्चीवरून उभ्याने पडलेल्या माणसाची टाच मोडते. त्याला पाठीबद्दल जरूर विचारावे, कारण तोच दणका वर जाऊन काहींच्या मणक्यालाही मार बसलेला असतो आणि टाचेच्या वेदनेपुढे तो लक्षात येत नाही. टाच ही सर्वांत त्रासदायक. तीन महिने तरी जातात आणि उंचसखल जमिनीवर चालताना वर्षभर जाणवते. उलट करंगळी दाराच्या उंबऱ्याला आपटून मोडली, तर बहुतेक वेळा शेजारच्या बोटाला, मध्ये कापूस ठेवून, चिकटपट्टीने बांधणे एवढाच इलाज असतो. अंगठा मात्र दाखवावा, कारण पाऊल पुढे ढकलण्याचा भार त्याच्यावर असतो.

आता एक वेगळेच फ्रॅक्चर. पोलीस भरती जाहीर झाली की आमच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला मुले-मुली धावू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर ठरलेल्या वेळेत धावायचे असते. सहा महिने बसून अभ्यास केलेला असतो आणि मग एकदम पंधरा दिवसांत सगळी कसर भरून काढायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अशी चारपाच मुले दवाखान्यात येतात. पडलो नाही, मुरगळले नाही, तरी चवड्यावर दुखते, धावले की वाढते, बसले की थांबते. वरून बोट ठेवले की एका नेमक्या जागी कळ. हे हाडाला गेलेले चिरेसारखे तडे असतात. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांबच्या कवायतीनंतर सैनिकांचे पाय असे सुजतात, याची नोंद केली. तेव्हा एक्स-रेचा शोध लागलेला नव्हता. तो रोंटगेनने १८९५ साली लावला आणि मग कळले की या सुजेच्या मुळाशी मोडलेले हाड आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हा तडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे, धाव’ असा सल्ला मिळतो. मुलगा वेदनाशामक गोळी खाऊन धावतो आणि तड्याचे सरळ दोन तुकडे होतात.

या मुलांना मी सहा आठवडे धावणे बंद करायला सांगतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. शारीरिक चाचणी महिन्यावर आलेली असते, वय निघून चाललेले असते, बापाने अकादमीची फी उसनवारी करून भरलेली असते. मी काय सांगणार? पण आता गमावलेली एक भरती आणि कायमचा दुखावलेला पाय यांत निवड करायची तर भरती पुन्हा येईल. खरे तर हे मुलांना नव्हे, अकादम्या चालवणाऱ्यांना सांगायला हवे. दर आठवड्याला थोडे थोडे अंतर वाढवा, डांबरापेक्षा मातीच्या मैदानावर धावायला लावा, झिजलेले बूट बदलायला सांगा, मधून एक दिवस विश्रांती द्या. ‘दुखतंय म्हणजे अंग मोकळं होतंय’ हे जे तुम्ही सांगता ते साफ चूक आहे.

मधुमेह असलेल्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात. अशा पायात हाड मोडले, सांधे खिळखिळे झाले तरी माणसाला फारसे दुखतच नाही. एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेले दिसते. घरच्यांना वाटते मुंगी चावली असेल, डॉक्टरला वाटते जंतुसंसर्ग असेल. अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू होतात आणि तो माणूस दुखत नाही म्हणून त्याच पायावर बाजारहाट करीत राहतो. दोन-तीन महिन्यांत कमान उलटी होते, तळवा होडीच्या तळासारखा बाहेर येतो, त्यावर जखम होते आणि ती भरत नाही. याचा शेवट पाय गमावण्यात होऊ शकतो. याला चारको यांच्या नावाने ओळखतात. वेळीच खास प्लॅस्टर घालून पायावरचा भार काढला तर पाय वाचतो. तेव्हा मधुमेही माणसाचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल, तर दुखो न दुखो, ताबडतोब भार बंद आणि तपासणी.

सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. हाड मोडल्याचे कळले, प्लॅस्टर घातले, आणि आता सहा आठवडे. इथे आमचे आणि रुग्णांचे रोज भांडण होते. ‘‘तीन आठवडे झाले, आता दुखत नाही, काढा प्लॅस्टर.’’ मी त्यांना स्लॅबची गोष्ट सांगतो. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी वरून कडक लागतो, त्यावर माणूस उभाही राहतो. म्हणून कोणी सेंट्रिंग काढतो का? हाडाचेही तसेच आहे. मोडल्यावर तेथे रक्ताची गाठ जमते, दोन-तीन आठवड्यांत तिची जागा मऊ कुर्चेसारखा जोड घेतो. दुखणे याच वेळी कमी होते. पण तो जोड अजून कच्चा असतो. त्यात कॅल्शियम भरून तो टणक व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि मूळच्या हाडासारखा घडायला कित्येक महिने. दुखणे थांबणे म्हणजे जुळणे नव्हे.

पण हे सांगताना मला एक अडचण नेहमी बोचते. सहा आठवडे बसा, हे सांगायला माझ्या तोंडाला काय लागते! ऊस तोडायला आलेली बाई कोयत्याची उचल घेऊन आलेली असते. ती बसली तर उचल फिटणार कशी? शस्त्रक्रियेचा खर्च काही रुग्णालयांत सरकारी योजनेतून होतो, पण असंघटित मजुराची बुडालेली मजुरी त्यातून कोणी भरून देत नाही. अशी माणसे प्लॅस्टर विळ्याने कापून कामावर जातात. त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुकादमांनी, बागायतदारांनी, कारखानदारांनी मोडल्या पायाच्या मजुराला बसून करण्याजोगे काम सहा आठवडे दिले तर त्यांचे फार बिघडणार नाही. माझ्या ओळखीतल्या एका बागायतदाराने पाय मोडलेल्या बाईला द्राक्षे निवडायच्या कामावर, खुर्ची देऊन बसवले होते. तिचा पाय सरळ जुळला.

घरातल्या बायकांचे दुखणे आणखी निराळे. त्यांना मजुरी बुडायची नसते, म्हणून विश्रांतीही नसते. प्लॅस्टर घातलेली सून तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी असते आणि नवरा मला विचारतो, ‘‘डॉक्टर, सूज का उतरत नाही?’’ उतरणार कशी? सहा आठवडे भाकऱ्या बाहेरून आणा किंवा स्वतः थापायला शिका. मी ही गोष्ट नवऱ्यासमोरच सांगतो, कारण बाईला एकटीला सांगून उपयोग नसतो.

प्लॅस्टर असताना ते भिजवू नये, खाज सुटली म्हणून विणायची सुई किंवा मोजपट्टी आत घालू नये. आतली जखम चिघळते आणि बाहेरून दिसत नाही. बोटे दर तासाला हलवावीत. कुबड्यांचा भार काखेत नव्हे, हातांवर घ्यावा. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. उकिडवे बसून शौचाला जाणे शक्य नसते. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती आणावी. अनेक जण याच कारणासाठी पहिल्या आठवड्यात पायावर भार देतात आणि लाजेने सांगत नाहीत. पोटरी एकाएकी दुखून सुजली किंवा दम लागला, छातीत दुखले, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तेव्हा वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

खाण्याचे विचाराल तर डाळी, दूध, अंडी, नाचणी, तीळ, हिरव्या भाज्या हे सगळे चांगले. पायाचे सूप जरूर प्या, पण बोकडाच्या पायाने आपला पाय लवकर जुळतो असे काही नाही. कॅल्शियमच्या गोळ्या मुठीने खाल्ल्याने सहा आठवड्यांचे चार होत नाहीत. बिडी-सिगारेटने मात्र सहाचे आठ-दहा होऊ शकतात. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि जोडाला रक्त कमी पोहोचते. तंबाखू मळणाऱ्यांनी आणि मशेरी लावणाऱ्यांनीही हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. पन्नाशी उलटलेल्या बाईचे हाड साध्या घसरण्याने मोडले, तर पाय जुळल्यावर एकदा हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करून घ्यावी. पुढच्या वेळी खुब्याचे हाड असू शकते.

प्लॅस्टर निघाल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो. कातडी कोरडी, पोटरी काडीसारखी, घोटा लाकडासारखा आणि संध्याकाळी पुन्हा सूज. ‘हाड वाकडं जुळलं’ म्हणून धाव घेतात. तसे बहुधा नसते. दीड महिना बांधून ठेवलेला सांधा ताठणारच. आता कोमट पाण्याचा शेक चालतो. पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी, सगळी अक्षरे, सकाळ-संध्याकाळ. घोटा सर्व बाजूंनी फिरतो. जमिनीवर पसरलेले फडके बोटांनी ओढून गोळा करावे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ओटा धरून चवड्यांवर उभे राहावे, आधी दोन्ही पायांवर, मग एका. चालताना कडक तळाचा बूट किंवा सँडल, हवाई चप्पल नको. उजवा पाय मोडला असेल तर ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत मोटारसायकलला हात लावू नये. संध्याकाळची सूज कधी चार-सहा महिनेही राहते. पण महिन्याभरानंतरही पाय भाजल्यासारखा जळत असेल, रंग बदलत असेल, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसेल, तर तो निराळा आजार असतो. तो लवकर दाखवलेला बरा.

सिलिंडरवाल्या गृहस्थांचे प्लॅस्टर अजून पाच आठवडे आहे. काल त्यांचा मुलगा दवाखान्यात येऊन विचारून गेला, ‘‘बाबा म्हणताहेत, दुखत नाही, घरातल्या घरात थोडं टेकवून चाललं तर?’’ मी त्याला बसवून घेतले आणि स्लॅबची गोष्ट सांगितली. तो गवंड्याच्या हाताखाली काम करतो, त्याला पटकन समजली. वडिलांना समजावण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले आहे.